ज्याने बाहेर काढले, त्याला विचारून

मामा, मला कारखान्यातून बाहेर काढले आहे, आणि तेही तुमच्या नियमाने. गैरसमज नको. नोकरी शाबूत आहे. जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्याचा व्यवस्थापक आजही मीच आहे. बाहेर काढले म्हणजे धुरात शिरलेल्या माणसाला पट्ट्याला धरून ओढतात, तसे काढले. सीझन ऐन भरात आहे, फळ्यांवर मूर्ती दाटीने उभ्या आहेत, आणि मी पेणला, रामवाडीच्या घरात खुर्चीवर बसून तुम्हाला लिहितो आहे. परत केव्हा जायचे हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. तो रंगकाम करणाऱ्या एका बाईंना आहे, कारण मला त्यांनी बाहेर काढले. मालकांचा आग्रह असा की त्यांना न विचारता मी सरळ कामावर यावे. मी तसा गेलो, तर तुमचा नियम त्या कारखान्यात संपेल. पुन्हा कोणी कोणाला ‘बाहेर या’ म्हणण्याचे धाडस करणार नाही. म्हणून मी जाणार नाही. हे इतक्या स्पष्ट शब्दांत लिहून ठेवतो, कारण पाय मात्र जाण्यासाठी उतावीळ आहेत. या घरात मला बसवत नाही. तुमची मुलगी फाल्गुनात गेली, मामा. आजार लांबला होता; त्याचे तपशील लिहून आता काही साधणार नाही. तुम्हाला जाऊन पंधरा-सोळा वर्षे झाली, तुमच्यामागून सासूबाईही गेल्या, तेव्हा तिच्याविषयी तुम्हाला कळवण्याचे काम माझ्याकडेच येते.

तुमचा नियम मी प्रथम पाहिला तो आमच्या दिवाळसणाला. लग्नाला वर्ष व्हायचे होते. पेणहून एस.टी.ने मी रोह्याला आलो होतो, अंगात नवा सदरा होता, आणि पदवीधर जावयाचा मान कसा ठेवला जावा याविषयी माझ्या मनात काही निश्चित कल्पना होत्या. मी पाटावर बसलो आहे, ताटाभोवती रांगोळी आहे, सासूबाई अनारसे वाढत आहेत, आणि कंपनीचा भोंगा वाजतो. तुम्ही हातातला घास ताटात ठेवता, माझ्याकडे पाहून ‘जावईबापू, सावकाश होऊ द्या’ एवढेच म्हणता, आणि खुंटीवरचा पट्टा कमरेला लावत निघून जाता. तुम्ही कंपनीच्या फायर सेक्शनचे प्रमुख आहात हे मला स्थळ पाहतानाच सांगितले होते. त्याचा अर्थ मला त्या दुपारी कळला. खांब गावाजवळ महामार्गावर सॉल्व्हंटचा टँकर उलटून पेटला होता. उन्हे उतरल्यावर तुमची गाडी परत आली. वसाहतीतल्या घराच्या पायरीवरून ती मला दिसली, आणि आता तुम्ही येऊन चार शब्द बोलाल अशा अपेक्षेने मी सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या.

“आले एकदाचे,” मी म्हणालो.

“आले, पण घरी यायचे नाहीत इतक्यात,” तुमची मुलगी म्हणाली. “आधी बसतील.”

“बसतील म्हणजे?”

“बसतील म्हणजे बसतील. चला, सरबताची किटली धरा. जावयाला काम सांगितलं म्हणून बाबांना सांगू नका म्हणजे झालं.”

गाडीच्या शेडमध्ये तुम्ही सगळे जमिनीवर गोल करून बसला होतात. बूट काढलेले, चेहरे काळे, कोणी कोणाकडे पाहत नव्हते. लिंबाच्या सरबतात मीठ जास्त होते. ते तसेच लागते, हे मला तिने वाटेत सांगितले होते. तुम्ही एकेकाला एकच गोष्ट विचारत होता. “कुठं होतास? काय दिसलं?” तो सांगे. तुम्ही फक्त ‘बरं’ म्हणत होता. कोणीही ‘असे करायला हवे होते’ असे बोलले नाही. चुकांची चर्चा दुसऱ्या दिवशी, कागद-पेन्सिल घेऊन, असे मला मागाहून समजले. एक दांडगा, मिशीवाला गृहस्थ पाळी आली तरी बुटाची नाडी गुंडाळत होता. मग म्हणाला, “मला ड्रायव्हरची चप्पल दिसली. रस्त्यावर पडलेली. नवी होती.” ड्रायव्हर वाचला नव्हता. तुम्ही म्हणालात, “बरं. चप्पल दिसली.” आणि पुढच्याला विचारलेत. त्या मिशीवाल्याला घरी पोचवायला मात्र एक माणूस बरोबर दिलात, आणि त्याने तिथे जेवूनच परतायचे असेही बजावलेत.

तुमची पाळी शेवटी आली. पंप चालवणारा तुमचा माणूस, हुद्द्याने तुमच्याहून कितीतरी खाली, त्याने दोर ओढून तुम्हाला धुरातून मागे घेतले होते. “साहेब शिव्या देत बाहेर आले,” असे तो म्हणाला आणि सगळे हसले. त्या हसण्यात तुम्हीही होतात. “मी ठीक होतो असं मला वाटत होतं,” तुम्ही म्हणालात; मग किटली घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून, “आतला माणूस कायम ठीकच असतो, जावईबापू. बेशुद्ध पडेपर्यंत ठीक असतो.” मला ते वाक्य त्या वेळी विनोदी वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यंगस्नान आटोपून तुम्ही मला फिरायला म्हणून बरोबर घेतलेत आणि सरळ त्या पंपवाल्याच्या दारात नेऊन उभे केलेत. तो ओट्यावर बसून राखुंडीने दात घासत होता. “जाऊ का रे आज ड्यूटीवर?” तुम्ही विचारलेत. मी चकित झालो. तो थुंकला, तुमच्या छातीकडे नीट पाहून म्हणाला, “खोकला वाजतोय अजून. परवा या.” तुम्ही मान हलवलीत आणि परत फिरलात. वाटेत मी विचारले, हाताखालच्या माणसाची परवानगी कशाला? तुम्ही सांगितलेत की ज्याने बाहेर काढले त्यालाच बाहेरून दिसत असते. परत जायचे ते त्याला विचारून. यापेक्षा अधिक स्पष्टीकरण तुम्ही दिले नाहीत. मासळीबाजारात शिरलात आणि सणाच्या दिवशी मासळी घेता येत नाही याबद्दल हळहळत बसलात.

तुमच्या मुलीने तो नियम सासरी आणला. मी कामावरून आलो की ती कधी लगेच बोलत नसे. पाय धुऊन मी बसेपर्यंत थांबे, गूळपाणी पुढे ठेवी, आणि मग विचारी, “काय दिसलं आज?” प्रारंभी मी व्यवस्थित उत्तरे देत असे: अमुक ऑर्डर आली, तमुक साचा फुटला. ती म्हणे, “हा झाला रिपोर्ट. तुम्हाला दिसलं काय?” असल्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे कॉलेजात कोणी शिकवले नव्हते. हळूहळू जमू लागले. घासकामाच्या धुळीने एका कामगाराच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या दिसल्या, दमलेले मालक गोण्यांवर उघड्या तोंडाने झोपलेले दिसले, असे काहीबाही मी सांगू लागलो. त्यातून निष्पन्न काय होत असे, हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. पण ते सांगितल्यावाचून मला जेवण गोड लागेनासे झाले, एवढे खरे.

कारखान्यात तुमचा नियम आला तो आमच्या आखणीवाल्या काकांमुळे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणे. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, रंगते, पण तिच्याकडे पाहून हात जोडावेसे वाटतात ते आखणी झाल्यावर. ते काम सर्वांत वडीलधाऱ्या कारागिराचे, आणि सीझनला तो माणूस दिवसच्या दिवस जागचा हलत नाही. चहासुद्धा त्याला कोणीतरी पाजतो. काही वर्षांपूर्वी चतुर्थी तोंडावर आली असताना काकांच्या हातून एका खेपेतल्या सगळ्या मूर्तींची नजर घसरली. बुबुळे किंचित बाहेरच्या बाजूला गेली होती. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या पेणच्या एक बाई मूर्तीसमोर उभ्या राहिल्या, उजवीकडे सरकल्या, डावीकडे सरकल्या आणि म्हणाल्या, “अहो, आमचा बाप्पा शेजाऱ्यांकडेच बघतोय!” सगळे हसले. काकांनी पुढे येऊन पाहिले, मग शेजारची मूर्ती पाहिली, मग त्यापलीकडची. कुंचला धुऊन ठेवला आणि कोणाला न सांगता घरी निघून गेले. निरोप आला: हात गेला, आता कामावर येणार नाही.

मी हा प्रकार घरी सांगितला तेव्हा तुमच्या मुलीने चपला पायात घातल्या. “त्यांचा हात कुठंही गेलेला नाही,” ती म्हणाली. “त्यांना कोणी बाहेर बोलावलं नाही, एवढंच झालंय.” आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. “मला समदे डोळे सरलच दिसत होते वयनी,” ते म्हणाले, “आयच्यान सांगतो, सरलच दिसत होते.” ती म्हणाली, “आत असलं की तसंच दिसतं, काका. माझे बाबा एवढे फायरवाले, त्यांनाही धुरात आपण ठीकच आहोत असं वाटायचं.” मग तिने त्यांना खांबच्या टँकरची आणि राखुंडीने दात घासणाऱ्या पंपवाल्याची गोष्ट सांगितली. काका उठून बसले. पंपवाल्याने साहेबाला परत पाठवले हे त्यांना फार आवडले. ते त्यांनी तिच्याकडून दोनदा ऐकले. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात चौकशी केली. नजर घसरते आहे हे शेजारी बसणाऱ्या तिघांनाही दिसले होते. कोणी बोलले का नाही, असे मी विचारले. “काकांना कोन बोलनार, सायेब?” असे उत्तर मिळाले, आणि ते उत्तर मला पुरेसे वाटले. त्याच दिवशी मी मालकांच्या समोर जाऊन उभा राहिलो.

मालक वाईट गृहस्थ नाहीत, मामा. परंतु त्यांना हे पटवणे कठीण गेले. “मॅनेजर, इथं गणपती रंगवतात. आग कुठं लागलीय?” मी म्हणालो, आग लागलेली नाही आणि इथे कोणी मरतही नाही, हे मला मान्य आहे; परंतु डोळा, हात आणि डोके येथेही तसेच संपते, आणि संपले आहे हे ज्याचे त्याला तसेच कळत नाही. आग लागली की निदान भोंगा वाजतो. आमच्याकडे काही वाजत नाही, म्हणून अधिक काळजी घ्यायची. मी हट्टाने तीन गोष्टी मान्य करून घेतल्या. सीझनला प्रत्येकाने जोडीने काम करायचे आणि आपल्या जोडीदारावर नजर ठेवायची. जोडीदार ‘बाहेर या’ म्हणाला की वाद न घालता उठायचे, आणि त्याला विचारल्यावाचून परतायचे नाही. आणि संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी सर्वांनी थोडा वेळ गोल बसायचे, काय दिसले ते सांगायचे, चुका उद्या. पहिल्या आठवड्यात त्याची यथेच्छ टिंगल झाली. “काय दिसला?” “ह्याचा टक्कल दिसला!” असे चालले होते. मी ते चालू दिले. तुमच्या शेडमध्येही हसणे ऐकले होते मी. एके दिवशी साचे भरणारा एक अबोल माणूस म्हणाला, “मला या सालचा गणपती आपल्या घरी बसवायची भीती वाटते. पोरगी अंथरुनाला हाय. देवाचा नीट होईल का नाय.” त्यानंतर टिंगल झाली नाही. काका परत आले, त्यांना जोडीदार मिळाला, आणि तो जोडीदार दिवसातून अनेकदा त्यांना उठवून वेशीपर्यंत चालवून आणू लागला. नजर पुन्हा घसरली नाही.

माझी जोडी कोणाशी, असा प्रश्न तेव्हाच निघाला होता. रंगकामातल्या एका बाईंनी विचारले होते. या बाई खाडीकाठच्या, मिठागरवाल्या घरातल्या. त्यांची जीभ कारखान्यात प्रसिद्ध आहे. “सायेबांची जोडी कोन?” मी म्हणालो, “माझी जोडी घरी आहे.” त्यावर असा हशा पिकला की काकांना ठसका लागला. “म्हंजे वयनींच्या हातात दोरी हाय!” बाई म्हणाल्या. मी थोडा अवघडलो, पण ते शब्दशः खरे होते. मी बाहेर यावे असे तुमच्या मुलीला वाटले की ती भर सीझनमध्ये जोह्याच्या एस.टी.तून उतरत असे, कारखान्याच्या दारात उभी राहत असे, आणि मी निमूट छत्री घेत असे. आजारपणात दवाखान्यातल्या खाटेवरूनही तिने ते काम सोडले नाही. “तुम्ही बाहेर जा. जेवा. चार वाजेपर्यंत मला तुमचं तोंड दाखवू नका,” असे ती म्हणे, आणि चारला मी आलो की माझ्याकडे निरखून पाही आणि मग खुर्चीकडे बोट करी.

ती गेल्यानंतर तेराव्याचे विधी उरकून मी दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झालो. लोकांना ते प्रशंसनीय वाटले. मलाही वाटले. मी पहाटेची एस.टी. पकडू लागलो आणि शेवटच्या एस.टी.ने परतू लागलो. संध्याकाळी गोलात बसून सर्वांना विचारत होतो. मला विचारणारे तिथे कोणी नव्हते. तशी पद्धतच पडली नव्हती.

या आठवड्यात जे घडले ते असे. पाऊस तुटत नव्हता, मूर्ती वाळत नव्हत्या, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या ठरल्या दिवशी येणार होत्या. प्लॅस्टर ओले असताना वर रंग दिला तर त्याचे पापुद्रे सुटतात. हे जोह्यात कोणालाही सांगावे लागत नाही, आणि मी तर ते नव्या माणसांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. मी एका फळीवरच्या मूर्तींना पांढऱ्याचा पहिला हात द्यायला सांगितले. बाईंनी मूर्तीच्या पाठीवर तळवा ठेवला.

“गार लागतंय सायेब. वली हाय.”

मी पुढे होऊन तळवा ठेवला. “कोरडी आहे,” मी म्हणालो. मामा, मी खोटे बोलत नव्हतो. मला ती कोरडी लागली. त्यांनी दुसरी मूर्ती दाखवली, मी तिलाही हात लावला आणि तीही कोरडी असल्याचे सांगितले. आजूबाजूचे हात थांबले. बाई माझ्या हाताकडे पाहत होत्या. मग त्यांनी पदराला हात पुसले.

“सायेब, तुमी भाईर या.”

“मी ठीक आहे,” मी म्हणालो.

“आतला मानूस आसाच बोलतो. तुमीच तं शिकवलाव.”

“तुम्ही माझी जोडी नाही,” असे मी म्हणालो, आणि म्हणताना माझा आवाज चढला. मी त्या कारखान्यात कधी आवाज चढवलेला नाही.

“नव्हती. आता हाय,” त्या म्हणाल्या. “दोरी जमिनीवर पडलेली, मी उचलली. कोनाची ना हाय का गो बायांनो?” कोणाची ना नव्हती. काकांनी कुंचला खाली ठेवून माझी छत्री आणून दिली. मी बाहेर आलो. एस.टी.च्या थांब्यावर उभा असताना मला त्यांचा विलक्षण राग येत होता, आणि त्या रागाखाली दुसरे काही होते की नाही हे मी तपासले नाही.

मालक काल स्कूटरवरून भिजत आले. मी त्यांना टॉवेल दिला, चहा केला. “नियम कामगारांना असतो, मॅनेजरला नाही,” ते म्हणाले. “एक बाई तुम्हाला घरी बसवते आणि तुम्ही बसता? उद्या गाड्या लागतील. गिऱ्हाइकांशी मी बोलू, का साचे बघू?” मी सांगितले की व्यवस्थापकाला लागू नसलेला नियम कामगारांना लागू राहत नाही, तो शिल्लक राहतो तो फक्त बोलण्यापुरता. ते म्हणाले, “मग बंदच करतो. उद्यापासून बसणं नाही, जोड्या नाहीत. तुम्ही येता का, सांगा.” नोकरीची भीती मला वाटली नाही असे म्हणणार नाही. मी उभा राहिलो, कारण बसून हे बोलता आले नसते. “बंद करायचा अधिकार तुमचा आहे,” मी म्हणालो. “मात्र तो तुम्ही संध्याकाळी गोलात जाऊन, सर्वांच्या तोंडावर करावा. मी त्या बाईंनी सांगितल्यावाचून येणार नाही.” चहा अर्धा ठेवून ते गेले. ते गेल्यानंतर मी घरभर फिरलो. पलीकडच्या एस.टी.डी. बूथवर जाऊन कारखान्याला फोन लावावा, काय झाले ते विचारावे, असे अनेकदा मनात आले. नाही गेलो. बाहेर काढलेल्या माणसाने दाराशी घुटमळू नये, हेही तुमचेच.

आज दुपारी बाई आल्या, सोबत काका. दोघे पावसातून आले होते आणि दोघांनाही बातमी सांगायची घाई होती.

“मालक आला ना सायेब, संध्याकालचा,” बाई सांगू लागल्या, “आसा उभा रायला, कमरेवर हात. आमी समदी बसलेली. म्हनतो, ऐका. तं ह्ये काका काय म्हनतात…”

“मी म्हटला, आधी बसा मालक,” काका म्हणाले. “हितं उबं रावून कोनी बोलत नाय.”

“आन बसला! लेंगा वर करून चिखलात बसला! मंग मीच इचारला, मालक, काय दिसला आज? तं चिखलात बोट फिरवीत बसला. मंग म्हनतो, मला झोपेत पन गाड्याच दिसतात. बायको बोलते, तुमी झोपेत हॉर्न मारता.”

“समदे हसले,” काका म्हणाले. “तो पन हसला. मंग चहा पिला आन गेला. बंदचा काय बोललाच नाय.”

आम्ही तिघेही हसलो. घरात हसण्याचा आवाज फाल्गुनानंतर प्रथमच झाला, आणि तो मला इतका मोठा वाटला की मी दाराकडे पाहिले. मग बाईंनी चहाची बशी खाली ठेवली. त्या पाहायला आल्या होत्या. जोडीदाराने घरी जाऊन पाहावे आणि मगच परत बोलवावे, हे मीच ठरवून दिले आहे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले, तुमचा पंपवाला पाहत होता तसे, आणि विचारले, “मंग सायेब? काय दिसला?”

मी उत्तर दिले. म्हणालो की प्रकृती आता समाधानकारक आहे, झोप मिळते आहे, पत्नीच्या निधनाचे दुःख स्वाभाविक असून काळाच्या ओघात ते सुसह्य होईल, आणि कामावर रुजू होण्यास माझी कोणतीही हरकत नाही.

बाई उठल्या. “आजून नाय,” त्या म्हणाल्या. “उद्या परत येन.” काकांनी माझ्या खांद्याला हात लावला, आणि दोघे छत्री उघडत निघून गेले. मी विरोध केला नाही. नियम टिकला आहे, मामा; मालकांना बसवून टिकला आहे, आणि मला बसवून तो टिकेल याची मी खात्री देतो, सीझन माझ्यावाचून गेला तरी चालेल. कार्यालये, दुकाने, शाळा, कुठेही माणसे दमतात तिथे तो चालेल असे माझे ठाम मत झाले आहे, आणि परत गेल्यावर ते मी पेणमध्ये चार ठिकाणी मांडणार आहे.

परंतु त्या बाईंना उद्या काय सांगायचे, हे मला ठाऊक आहे. आजही ठाऊक होते. मला काय दिसले ते असे. तुमच्या मुलीला सकाळी नेले. स्मशानातून परत येऊन मी अंघोळ केली आणि शेजारच्यांनी आणलेला वरणभात माझ्यापुढे ठेवला गेला. मला भूक लागली होती. वरण गरम होते, त्यात हिंग चांगला पडला होता, आणि मला ते फार चांगले लागले. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मी आणखी वरण मागितले. मग मी झोपलो, तो दिवेलागणीपर्यंत. कित्येक महिन्यांत तसा झोपलो नव्हतो. हे मी कोणालाही सांगितलेले नाही. तुम्हालाही सांगितल्यासारखे होत नाही, कारण कागदावर लिहिलेले तुम्ही त्या बसण्यात कधी धरत नव्हता. तोंडानेच सांगावे लागे. तेव्हा हे पत्र मी इथेच थांबवतो. उद्या त्या येतील, त्यांच्यासमोर ते तोंडून निघेल की पुन्हा प्रकृती समाधानकारक निघेल, हे मला आज सांगता येत नाही.